क्लचची कैफियत, गिअरबॉक्सची जबानी

१

जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीचा मालक मिस्त्रीकडे जातो, तेव्हा त्याची फिर्याद बहुधा एका वाक्यात आटोपते : गाडी आवाज करते, किंवा क्लच पूर्वीसारखा लागत नाही. आवाज कसा आहे असे विचारले तर तो तोंडाने त्याची नक्कल करून दाखवतो. कोठून येतो असे विचारले तर खालून, पुढून, कधी सगळीकडून, अशी उत्तरे देतो. ही दोन्ही प्रकारची माहिती प्रामाणिक असूनही तपासाच्या कामी फारशी येत नाही. कारण पोलादी सांगाड्यातून ध्वनी इतक्या वेगाने आणि इतक्या आडवाटांनी प्रवास करतो की मागच्या चाकाच्या बेअरिंगची घरघर चालकास पायाखालच्या गिअरबॉक्समध्ये ऐकू यावी, आणि नक्कल कितीही हुबेहूब वठली तरी दोन निराळ्या भागांचे आवाज एकाच जातीचे असण्यास कोणतीच आडकाठी नसते. ज्या प्रश्नाचे उत्तर खरोखर उपयोगी पडते तो प्रश्न मालक स्वतःस क्वचितच विचारतो, आणि तो म्हणजे हा आवाज केव्हा सुरू होतो व केव्हा थांबतो. प्रस्तुत प्रकरणाचा सारा विस्तार त्या एका प्रश्नाचा आहे.

कार्यकारणसंबंध निश्चित करण्यासाठी आपल्या नैयायिकांनी अन्वय आणि व्यतिरेक ही जोडी सांगून ठेवली आहे : अमुक असताना तमुक असते, आणि अमुक नसताना तमुक नसते, अशी दुहेरी खात्री पटल्यावाचून एकास दुसऱ्याचे कारण म्हणू नये. पाठशाळेत ही जोडी धूर आणि अग्नी यांच्या उदाहरणाने शिकवतात. पण जुन्या मोटारीत ती शिकण्याची सोय अधिक चांगली आहे, कारण तेथे व्यतिरेक घडवून आणण्याचे साधन चालकाच्या डाव्या पायाखालीच बसवलेले असते. क्लचचे पेडल दाबताच इंजिनापासून चाकापर्यंत चाललेल्या भ्रमणाच्या साखळीचे दोन तुकडे होतात, आणि सोडताच ते पुन्हा जुळतात. एखादा भाग फिरत असताना आवाज आहे आणि तोच भाग थांबवताच आवाज नाही, ही रुजवात गाडीचा एकही नट न उघडता घडवता येते.

या विषयाचा विचार करण्यास अहिल्यानगर, म्हणजे परवापर्यंतचे अहमदनगर, हे ठिकाण विशेष अनुकूल आहे. चिलखती दलाचे केंद्र व विद्यालय या शहरात आहे. १९९४ साली उघडलेले रणगाड्यांचे संग्रहालय तेथेच आहे. संरक्षण खात्याच्या अखत्यारीतील वाहन संशोधन व विकास आस्थापना आपल्या चाचणीमार्गांसह वाहननगरात वसली आहे. आणि ज्या कारखान्यातून १९७२ पासून लुना ही छोटी दुचाकी बाहेर पडू लागली, तो कायनेटिक इंजिनीअरिंगचा कारखानाही नगरचाच. मुंबई विधानसभेचे सभापतिपद भूषवलेले कुंदनमल फिरोदिया हे याच शहराचे, आणि लुनाचे प्रवर्तक हस्तीमल फिरोदिया हे त्यांचे पुत्र. चाळीस टनांच्या रणगाड्यापासून पन्नास सीसीच्या मोपेडपर्यंत, इंजिनाची शक्ती चाकापर्यंत कशी पोचवावी या एकाच प्रश्नाची परस्परभिन्न उत्तरे एका गावाच्या शिवेत सापडावीत, असा योग अन्यत्र क्वचितच जुळून येतो.

२

क्लच मुळात लागतोच कशाला, हे प्रथम पाहिले पाहिजे. वाफेचे इंजिन स्थिर अवस्थेतूनच पूर्ण जोर लावू शकते. म्हणून नगरवरून जाणाऱ्या दौंड-मनमाड लोहमार्गावर कोळशाच्या आगगाड्या धावत होत्या तेव्हा त्यांच्या चालकांना क्लच ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पेट्रोलच्या इंजिनाचा स्वभाव याच्या उलट आहे. मिनिटाला काही शे फेरे झाल्याखेरीज ते उपयोगी पडेल इतका जोर देत नाही, आणि चाके स्थिर असताना त्यास थेट चाकांशी जखडले तर ते तत्काळ बंद पडते. फिरणाऱ्याचा आणि न फिरणाऱ्याचा असा समेट घडवण्यासाठी मध्ये घसरू शकणारा दुवा हवा, आणि हा दुवा म्हणजेच क्लच.

आरंभीच्या मोटारींत हा दुवा शंकूच्या आकाराचा असे : चामडे किंवा तत्सम अस्तर लावलेला शंकू फ्लायव्हीलच्या खोलगट पोटात स्प्रिंगच्या जोराने रुतून बसे. नगरच्या संग्रहालयात सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर बांधलेली रोल्स-रॉइसची चिलखती मोटार आहे, ती त्या युगाची. त्यानंतर रूढ झालेली आणि आजतागायत टिकलेली रचना म्हणजे एकेरी कोरडी क्लच प्लेट. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये, दोन्ही अंगांना घर्षणाचे अस्तर असलेली ही प्लेट चिमटलेली असते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकून प्रेशर प्लेटच्या बोटांवर रेटते, चिमटा सुटतो, आणि प्लेट, तिच्या खाचांत बसलेल्या गिअरबॉक्सच्या शाफ्टसह, इंजिनाच्या पाशातून मोकळी होते.

लुनेत हे काम पायाकडे दिलेलेच नव्हते. तिच्या केंद्रोत्सारी क्लचमध्ये इंजिनाचा वेग वाढला की आतील वजने बाहेर फेकली जात, त्यांवरील अस्तर भोवतालच्या ड्रमला जाऊन भिडे आणि गाडी चालू लागे. वेग उतरला की वजने परत ओढली जात आणि दुवा सुटे. मूठ पिळण्यापलीकडे काहीही शिकावे न लागणारे हे वाहन शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक आणि किरकोळ व्यापारी यांच्या हाती सहज गेले, याचे पुष्कळसे श्रेय या स्वयंचलित दुव्यास आहे. कौतुकाची गोष्ट अशी की १९६५ पासून आवडी येथील कारखान्यात तयार होऊ लागलेला आणि नगरच्या संग्रहालयात मांडलेला विजयंता रणगाडाही, आकारमानात स्वर्ग-पाताळाचे अंतर असूनही, केंद्रोत्सारी क्लचवरच चालणारा आहे. दोहोंतही दुवा कोणत्या क्षणी जुळावा याचा निर्णय यंत्र घेते. स्पोर्ट्‌स मोटारीच्या बांधणीत मात्र तो निर्णय माणसाच्या तळव्याकडे राखून ठेवलेला असतो. आणि निर्णयाचा अधिकार ज्याच्याकडे असतो त्याच्याकडे वर्दीही येत राहते, या न्यायाने क्लचच्या अंतरंगात घडणारी प्रत्येक लहानमोठी घडामोड तळव्यास कळत राहते.

३

पेडलची भाषा समजून घ्यायची तर त्यास चार प्रश्न करावेत : आरंभीची मोकळी चाल किती, भार किती, पकड कोणत्या उंचीवर येते, आणि परतताना पेडल कसे वागते.

सळई किंवा केबल असलेल्या जुन्या गाड्यांत, पेडल वीस-पंचवीस मिलिमीटर विनासायास खाली गेल्यावरच खरा विरोध जाणवावा, अशी ढोबळ मर्यादा असते. ही मोकळी चाल म्हणजे रिलीज बेअरिंग आणि प्रेशर प्लेटची बोटे यांच्यामधले अंतर होय. येथे सामान्य समजुतीस धक्का देणारी एक गोष्ट आहे. प्लेट झिजली म्हणजे सर्व काही ढिले होऊन मोकळी चाल वाढेल असे सहज वाटते. प्रत्यक्षात ती घटते. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, तिची बोटे उलट दिशेने बेअरिंगकडे येतात आणि अंतर कमी होत जाते. ते शून्यावर आले की बेअरिंग सतत बोटांना टेकलेले राहते आणि चिमटा पुरता बसेनासा होतो. उलटपक्षी केबल ताणली गेली तर मोकळी चाल वाढते. सबब एकाच पेडलवर दोन विरुद्ध प्रवृत्तींची झटापट चाललेली असते, आणि केवळ नट फिरवून चाल पूर्ववत करणाऱ्याने आपण झीज झाकली की ताण काढला, हे नीट पाहिले पाहिजे.

भाराविषयीही असेच आहे. जुन्या पद्धतीच्या प्रेशर प्लेटमध्ये अनेक गुंडाळी स्प्रिंगा असत. त्यांचा विरोध पेडल खाली जाईल तसतसा वाढत जातो, आणि प्लेट झिजली की स्प्रिंगा थोड्या सैलावून चिमटा दुबळा होतो. नंतरच्या पडदा-स्प्रिंगेच्या रचनेत विरोध आधी चढतो आणि मग उतरतो, आणि प्लेट झिजत जाते तसे पेडल जड होत जाते. त्यामुळे अशा गाडीचा मालक जेव्हा म्हणतो की वर्षभरात क्लच हळूहळू जड झाला, तेव्हा केबल कोरडी पडली आहे काय, रिलीज बेअरिंग सरकवणाऱ्या फोर्कची बैठक झिजली आहे काय, हे पाहून झाल्यावर त्याने प्लेटचे आयुष्य संपत आल्याची शंका धरणे रास्त ठरते.

तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचमध्ये पायाला मिळणारी बातमी वेगळी. पेडल स्पंजासारखे दबते आणि दोनचार वेळा मारल्यावर सुधारते, तर नळीत हवा शिरली आहे. पाय स्थिर ठेवला असताना पेडल सावकाश खाली बुडते आणि बाहेर मात्र गळती दिसत नाही, तर मास्टर सिलिंडरचे रबर आतल्या आत तेल परतवीत आहे. अशा गाडीत ब्रेक ऑइलच्या जागी इंजिनाचे किंवा दुसरे खनिज तेल चुकूनही ओतू नये. जुन्या गाड्यांची रबरे त्याने फुगतात आणि सारी यंत्रणा निकामी होते.

पकड फार वर, पाय जवळजवळ पूर्ण उचलल्यावर येत असेल तर प्लेट झिजल्याचा तो इशारा समजावा. याची पक्की खातरजमा चढावर होते : टॉप गिअरमध्ये मध्यम वेगाने जात असताना अॅक्सिलरेटर दाबावा, इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेग मात्र जागच्या जागी राहिला, तर क्लच घसरतो आहे, यात संशय उरत नाही. पकड फार खाली, फळीला टेकताना येत असेल तर दोष उलट आहे : क्लच पुरता सुटत नाही. याची कसोटी रिव्हर्स गिअरने घ्यावी, कारण त्यास सिंक्रोमेश, म्हणजे दात भिडण्यापूर्वी वेग जुळवणारी रचना, नसते. गाडी उभी आणि न्यूट्रलमध्ये असताना पेडल पूर्ण दाबून काही सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. इतका अवधी देऊनही गिअर खरखरला तर गिअरबॉक्सचा शाफ्ट अजून फिरतो आहे, म्हणजेच प्लेट चिकटते आहे. पावसाळ्याचे चार महिने अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात, भंडारदऱ्याच्या बाजूस, गाडी झाकून उभी ठेवली तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला बसण्याचा प्रसंग येऊ शकतो. पर्जन्यच्छायेतल्या नगर-पारनेरकडे हे भय कमी. खरखर सर्व गिअरांत असेल तर क्लचचा दोष, एकाच गिअरमध्ये असेल तर त्या गिअरच्या सिंक्रोमेशचा, हा भेदही ध्यानात धरावा. मात्र पहिल्या गिअरला सिंक्रोमेश असणे ही गोष्ट जुन्या गाड्यांत गृहीत धरता येत नाही. १९६२ साली विक्रीस आलेल्या एम. जी. बी. या इंग्लिश गाडीस ते १९६७ च्या अखेरीस लाभले.

सुटताना गाडी थरथरत, धक्के देत निघते, याचे प्रमुख कारण प्लेटवर पसरलेले तेल; दुसरे, इंजिनाचे रबरी माउंटिंग बसणे; तिसरे, अतितापाने फ्लायव्हीलवर पडलेले कठीण डाग. एम. जी.च्या टी मालिकेत क्रँकशाफ्टच्या मागील टोकास रबरी सील नसून, तेल माघारी नेणारे केवळ आटे पाडलेले असत; शाफ्ट फिरत असेतोवर ते काम करीत, आणि गाडी उभी राहिली की तेल ठिबके. ते प्लेटवर साचू नये म्हणून क्लचच्या कवचाला तळाशी छिद्र असून, ते चिखलाने बुजू नये यासाठी त्यात एक हलती स्प्लिट पिन लोंबकळत सोडलेली असे. गाडी विकत घेणाऱ्याने ही क्षुद्र पिन आधी हलवून पाहावी. ती गाळाने थिजलेली असेल, तर आत काय साचले असेल याचा अंदाज मोटारीखालून बाहेर येण्यापूर्वीच बांधता येतो.

४

आता आवाजांकडे वळू. तपासाचा पहिला भाग गाडी उभी ठेवून, सपाट जागी, हँडब्रेक ओढून आणि न्यूट्रलमध्ये इंजिन संथ चालू ठेवून करावयाचा. त्यात पेडलच्या तीन स्थिती आहेत आणि प्रत्येक स्थितीत वेगळा भाग फिरतो किंवा थांबतो.

पाय पूर्ण वर असताना इंजिनाबरोबर क्लच प्लेट, गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट आणि त्यास गुंतलेला खालचा ले-शाफ्ट फिरत असतात. रिलीज बेअरिंग मात्र, मोकळी चाल शाबूत असेल तर, अलिप्त असते. या स्थितीत ऐकू येणारी आणि पेडल पूर्ण दाबताच विझणारी घरघर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या किंवा ले-शाफ्टच्या बेअरिंगांची असते, कारण पेडलने थांबवले ते तेच. ही घरघर नसून दात दातांवर हलके आपटल्याची किणकिण असेल, आणि तीही पेडलबरोबर नाहीशी होत असेल, तर ती संथ चालणाऱ्या इंजिनाच्या झटक्यांची असते. प्लेटच्या मध्यभागी हे झटके शोषण्यासाठी बसवलेल्या लहान स्प्रिंगा थकल्या की ती वाढते.

दुसरी स्थिती : पेडल इतकेच दाबावे की मोकळी चाल संपून बेअरिंग बोटांना नुसते टेकेल, पण चिमटा सुटणार नाही. आवाज याच क्षणी जन्मास आला, तर साक्ष रिलीज बेअरिंगविरुद्ध आहे. दुसरा कोणताही भाग या क्षणी आपली वागणूक बदलत नाही. कित्येक जुन्या इंग्लिश गाड्यांत, एम. जी. बी.सुद्धा, हे बेअरिंग गोळ्यांचे नसून ग्राफाइटच्या कड्याचे असते. पाय सतत पेडलवर विसावण्याची खोड असलेल्या चालकाकडे हे कडे लवकर झिजते, आणि अखेर धातूवर धातू घासू लागतो.

तिसरी स्थिती : पेडल पूर्ण तळाला. आता फ्लायव्हील फिरते आहे आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट थांबला आहे. त्या शाफ्टचे पुढचे टोक क्रँकशाफ्टच्या मागील टोकातल्या एका लहान बुशात किंवा बेअरिंगमध्ये टेकलेले असते, आणि या बुशाला काम पडते ते फक्त याच वेळी. किंचित दाबल्यावर शांत असलेली गाडी पूर्ण दाबल्यावर कुईंकुईं करू लागली, तर दोष या बुशाकडे जातो. पेडलच तळव्याखाली धडधडत असेल, तर प्रेशर प्लेटची बोटे एका पातळीत नाहीत. अनुभवी मिस्त्री या वेळी लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक कवचावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवून ऐकतात. फिरणाऱ्या भागांपासून हात, केस आणि सदऱ्याची बाही दूर ठेवून हा उपाय करण्यास हरकत नाही.

५

चालत्या गाडीचा तपास रस्त्यावर करायचा. सपाटीवरचा तपास नगर-दौंड रस्त्यावर पहाटेच्या विरळ रहदारीत करता येतो; चढउताराचा तपास गर्भगिरीच्या रांगेतील पाथर्डी वाटेवरच्या करंजी घाटात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वाटेवरील इमामपूर घाटात. घाटाची आवश्यकता यासाठी की दात असलेल्या प्रत्येक चाकास दोन मुखे असतात. चढावर इंजिन चाकांना ओढते तेव्हा एक मुख भार घेते, उतारावर चाके इंजिनास ढकलतात तेव्हा दुसरे. चढताना शीळ घालणारा आणि उतरताना मुका होणारा, किंवा याच्या उलट वागणारा गिअर आपल्या झिजलेल्या बाजूची कबुली देतो.

पहिली विभागणी गिअरांची. मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या पारंपरिक गाडीत टॉप गिअर म्हणजे थेट जोड : पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांस कुलपबंद होतात, आणि ले-शाफ्ट भार न घेता नुसता फिरत राहतो. आवाज पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गिअरमध्ये आहे आणि टॉपमध्ये नाही, एवढे कळले की संशय ले-शाफ्टवर स्थिरावतो. सर्व गिअरांत असेल तर दुसरी विभागणी करावी : सपाट रस्त्यावर, मागेपुढे वाहन नसताना, क्षणभर न्यूट्रल करून गाडी आपल्या वेगाने वाहू द्यावी. इंजिनाचे फेरे उतरले तरी आवाज गाडीच्या वेगाबरोबरच राहिला, तर इंजिन आणि गिअरबॉक्सचा पुढचा भाग दोषमुक्त ठरून तपास प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि चाके यांच्याकडे जातो.

या तिघांत निवाडा करण्यास थोडे गणित पुरे. एम. जी. बी.च्या डिफरन्शियलमध्ये पिनियनला ११ आणि क्राउनला ४३ दात असतात. थेट टॉप गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ३,००० फेरे करीत असता गाडीचा वेग ताशी सुमारे ८५ किलोमीटर असतो आणि प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला ५० फेरे करतो. पिनियनचे ११ दात प्रत्येक फेऱ्यात क्राउनला भिडत असल्याने डिफरन्शियलच्या शिळेची कंपनसंख्या सेकंदाला ५५० होते. पेटीवाल्यास सांगायचे तर स्वर काळी एकच्या अगदी निकट. शाफ्टचा तोल गेला असेल तर कंपन फेऱ्यागणिक एक, म्हणजे सेकंदाला ५०, आणि तो स्वर न राहता गाडीच्या तळातली घुमघुम होते. युनिव्हर्सल जॉइंट वाकून फिरताना त्यापुढील शाफ्टचा वेग एका फेऱ्यात दोनदा कमीजास्त करतो. म्हणून त्याची थरथर सेकंदाला १०० वेळा. चाक मात्र सेकंदाला जेमतेम १३ फेरे घेते. त्याच्या बेअरिंगची घरघर ओळखण्याची खूण वेगळीच आहे : गाडी वळणावर झुकून भार एका अंगास गेला की ती वाढते किंवा कमी होते.

युनिव्हर्सल जॉइंटच्या या स्वभावामुळेच शाफ्टच्या दोन्ही टोकांस ते जोडीने बसवतात, म्हणजे एकाने उत्पन्न केलेली चढउतार दुसरा फेडतो. परंतु शाफ्ट उतरवून परत बसवताना सरकत्या जोडाच्या खाचा एकदोन घरे चुकल्या, तर दोन्ही जॉइंट एकमेकांस फेडण्याऐवजी भर घालू लागतात, आणि दुरुस्तीपूर्वी नसलेली थरथर दुरुस्तीनंतर जन्मास येते. म्हणून उतरवण्याआधी दोन्ही तुकड्यांवर खडूने किंवा पंचने खूण करणे हा शहाण्या कारागिराचा शिरस्ता आहे. गाडी सुटताना किंवा पाय उचलताना एकच ठक् ऐकू येत असेल, तर जॉइंटचा क्रॉस, त्या खाचा किंवा डिफरन्शियलमधली ढिलाई यांपैकी एक कारण असते. उभ्या गाडीखाली शिरून शाफ्ट हाताने पुढेमागे पिळला की कोणते, ते कळते.

सॅन स्टॉर्मसारख्या, पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीस लांब प्रोपेलर शाफ्ट नाही, म्हणून हा अध्याय तिला लागू नाही. गोव्यात बांधलेली, काचतंतूंच्या कायेची आणि रेनॉ इंजिनाची ही दोन आसनी गाडी स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना टक्‌टक् करू लागली, तर बाहेरचा समवेगी जॉइंट झिजला असे समजावे, आणि त्याचे रबरी बूट फाटून आत धूळ शिरली आहे काय, हे पाहावे.

घाटाचा आणखी एक धडा आहे, तो क्लचचे आयुष्य राखण्याचा. गळिताच्या हंगामात उसाच्या दोनदोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांमागे चढावर सरपटत जाणे हे नगर जिल्ह्यातील चालकाचे नित्याचे प्राक्तन. अशा वेळी गाडी हाफ क्लचवर धरणारा आपल्या क्लचवर काय लादतो, याचा हिशेब करता येतो : ५० न्यूटन-मीटर इतका माफक जोर मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या फरकाने घसरत असेल, तर सुमारे ८ किलोवॅट उष्णता, म्हणजे घरगुती पाणीतापकाच्या चौपट, त्या बंद कवचात निर्माण होते. पुढचे वाहन चालू लागेपर्यंत थांबून, मग एकदाच सुटणे हेच स्वस्त पडते. उतारावर खालच्या गिअरमध्ये येताना, सिंक्रोमेश थकलेल्या किंवा नसलेल्या गाडीत, दुहेरी क्लचची जुनी रीत कामी येते : पेडल दाबून न्यूट्रल, पेडल सोडून इंजिनास क्षणभर वेग, पुन्हा पेडल दाबून खालचा गिअर. पेडल मध्येच सोडण्याने ले-शाफ्ट इंजिनाशी जोडला जाऊन आवश्यक वेगास येतो, आणि दात न कुरकुरता एकमेकांत बसतात.

६

निवाडा झाल्यावर शिक्षेचा, अर्थात दुरुस्तीचा, प्रश्न उरतो. येथे क्रम महत्त्वाचा आहे. केबलची चाल, तेलाची पातळी, नळीतली हवा, माउंटिंगचे रबर आणि गिअरबॉक्समधील तेलाची जात या गोष्टी आधी पाहाव्यात. कारण त्यांस वेळ व द्रव्य थोडे लागते आणि पुष्कळ तक्रारी तेथेच मिटतात. तेलाच्या जातीकडे विशेष लक्ष पुरवावे. एम. जी. बी.चा गिअरबॉक्स इंजिनाच्या तेलावर चालतो, डिफरन्शियल मात्र दाट हायपॉइड तेलावर; आणि जुन्या गिअरबॉक्सांतील सिंक्रोमेशची कडी पितळी असल्याने, गंधकयुक्त तीव्र तेल त्यांस काही वेळा खाऊन टाकते. गाडीस आवाज आला म्हणून दाट तेल भरून तो दाबणारा विक्रेता मिळतोच. पण तेल दाट होताच बोलेनासा झालेला भाग बरा झालेला नसतो.

गिअरबॉक्स खाली उतरवण्याची वेळ आलीच, तर मजुरीचा मोठा भाग उतरवण्या-चढवण्यातच खर्च होतो, हे जाणून प्लेट, रिलीज बेअरिंग, टोकाचे बुश आणि सील हे सर्व एकाच वेळी पाहून घ्यावे, व फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तपासावा. जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव धरून, कवचातली धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. या एका दक्षतेचे महत्त्व यंत्रापेक्षा कारागिराच्या फुप्फुसांना अधिक आहे.

आणि अखेरीस, प्रत्येक आवाज गुन्हेगार नसतो, हे मान्य करण्याची तयारी हवी. रिव्हर्समध्ये बहुतेक साऱ्याच गाड्या रडका सूर काढतात, कारण त्या गिअरचे दात सरळ कापलेले असतात. मॉसच्या गिअरबॉक्सच्या जुन्या जॅग्वारचा पहिला गिअर तसाच, आणि ज्याने ती गाडी नवी असताना चालवली, त्यानेही तो सूर ऐकला होता. तिरप्या दातांचे गिअर क्रमाक्रमाने भिडतात म्हणून शांत असतात. सरळ दातांचे एकदम भिडतात म्हणून गातात. ही रचना आहे, रोग नव्हे. म्हणून मालकाने एक वही ठेवावी, आणि आवाज ऐकू आल्यावर दिवस, वेग, गिअर, चढ की उतार, पेडल वर की खाली, इंजिन थंड की गरम, एवढेच त्यात टिपावे. ज्या आवाजाच्या नोंदींत महिनोगणती फरक पडत नाही, तो गाडीचा स्वभाव समजून सोडून द्यावा. नोंदींत फरक पडत असेल, तर ती वही घेऊन मिस्त्रीकडे जावे. त्यास आवाजाची नक्कल करून दाखवण्याची मग गरज उरत नाही, आणि न बिघडलेला भाग उघडण्याची मजुरीही वाचते.